सहाव्यांदा भात

पाहायला आलेल्या मुलानं सहाव्यांदा भात मागितला, तेव्हा डिंपलच्या हातातला डाव पातेल्यातच थांबला.

तिसऱ्यांदा मागितला तेव्हा तिला गंमत वाटली होती. चौथ्यांदा तर ती स्वयंपाकघरात जाऊन आईच्या, म्हणजे विमलाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकवून खुदुखुदु हसली होती. पाचव्यांदा मात्र तिनं त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. मुलगा दिसायला छान होता – सावळा, उंच, शांत डोळ्यांचा. पण जानेवारीची थंडी, बाहेर ओसरीवर माणसं स्वेटर घालून बसलेली, आणि या पठ्ठ्याच्या कपाळावर घाम!

मुलाचं नाव घनश्याम. लाखांदूरच्या पुढचं गाव, चार एकर धानाची शेती. आई निर्मलाबाई आणि मामा मारोतराव यांच्यासोबत तो दोन बस बदलून आंधळगावला आला होता. डिंपलच्या वडिलांचा, इश्वरजींचा, एक हट्ट साऱ्या गावाला माहीत होता. त्यांच्या घरी पाहुणा आला की तो खाली, पंगतीत, मांडी घालून जेवणार. टेबलखुर्चीवरचं जेवण त्यांना दवाखान्यातलं वाटायचं.

आणि पंगतीचा रिवाज असा की एक जण जरी जेवत असला, तरी बाकीच्यांनी उठायचं नाही. त्यामुळे इश्वरजी, मारोतराव आणि शेजारचे दोघं हात सुकवत बसले होते. वांग्याची भाजी संपली, पातोडीचा रस्सा संपला, वरण तळाला गेलं, तरी पाहुणा भात मागतच होता.

"तुमी उठा जी," शेवटी घनश्यामच म्हणाला. "माझं... चालू द्या. मले वेळ लागते."

"अरे वा! सावकाश होऊ द्या," इश्वरजी खूश होऊन उठले. मारोतरावांचा चेहरा एकदम कसनुसा झाला. ते भाच्याकडे सरकायला लागले, तोच इश्वरजींनी त्यांचा दंड धरला. "चला मामाजी, तुमाले नवा मोटरपंप दाखवतो." आणि त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर नेलं.

खोलीत उरले दोघं. चटईवर तो, आणि पातेलं घेऊन उभी असलेली डिंपल.

"वाढू?"

"नको."

"मंग मागितला कायले?"

त्यानं दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "मले... उठता नाही येऊन राहिलं."

एवढा भात खाल्ल्यावर कोणाला उठता येईल, असं ती म्हणणारच होती. शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात तिला त्याचा हात दिसला. जमिनीवर दाबून धरलेला तळहात, आणि कोपरापर्यंत थरथरणारा तो हात. तिचं हसू तिथेच विरलं.

"पाय आखडले का?"

"नाही जी. मांड्याइत जीवच नाही. बसताना मामाजीनं हळूच टेकवलं. उठताना बी तेच उचलनार होते. आता ते मोटरपंप पाहून राहिले..." त्यानं आजूबाजूला नजर फिरवली. "एखादा स्टूल आहे का? ढोपराएवढा. कोनाले आवाज नका देऊ."

डिंपलनं स्टूल आणला. तो वळला, स्टुलावर कोपरं टेकली, एक गुडघा पुढे घेतला, थांबला, श्वास घेतला, पुन्हा थांबला. लहान पोर जे एका उडीत करतं, त्यासाठी त्याला केवढा वेळ लागला! डिंपलला कुठे पाहावं कळेना. शेवटी तिनं त्याच्याकडेच पाहिलं. तो आधी स्टुलावर बसला, मग दोन्ही हातांनी मांड्यांना रेटा देत उभा राहिला, शर्टावरचं शीत झटकलं आणि म्हणाला,

"भात चांगला होता. पयल्या दोन खेपा."

ती इतक्या मोठ्यानं हसली की आतून विमलाबाईंनी "काय वो, काय झालं?" म्हणून विचारलं.

आजकाल मुलामुलीला पाच मिनिटं बोलू द्यायची पद्धत पडली आहे. बाकीचे सगळे ऐकू येईल इतक्याच अंतरावर बसतात आणि ऐकत नसल्यासारखं दाखवतात. दोघांना मागच्या अंगणात पाठवण्यात आलं. तिथे भिंतीला लागून धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचलेले होते. घनश्यामनं ती रास डोळ्यांनी मोजली आणि बरोबर कमरेएवढ्या उंचीच्या थरावर टेकला.

"पोट दुखत नाही?" डिंपलनं विचारलं.

"लय दुखून राहिलं."

"मामाजी तर म्हनत होते, थोडासा ताप आला होता म्हनून."

"तापच होता," तो हळू आवाजात म्हणाला. "सप्टेंबरात धुऱ्यावरचं, शेताच्या कडेचं गवत कापलं. त्याच्यात बारीक किडे राहतात, त्याइचा ताप. डाक्टर स्क्रब टायफस म्हनतात. आमी चार दिवस गोळ्या खात बसलो. मंग नागपूर. एकोनीस दिवस तिथं, त्यातले अकरा दिवस मशीन श्वास घेत होती." त्यानं कट्ट्यावर हात ठेवला. "ऑगस्टात असे दोन कट्टे पाठीवर उचलत होतो. ऑक्टोबरात पान्याचा तांब्या नाही उचलला. आता चालतो. सपाट रस्त्यानं कोनाले काही समजत बी नाही. फक्त खाली बसलो की... पाह्यलंच तुमी."

"अन् हे घरच्याइनं लपवलं."

"आईले वाटते, समजलं तर कोनी पोरगी देनार नाही. तुमी असं करा, नाही म्हना. मी म्हटलं तर आई रडते. कारन काही बी सांगा."

"अधाशी आहे म्हनून सांगू?"

"सांगा. साक्षीदार बी लय आहेत."

तो हसला. आणि डिंपलची पंचाईत झाली. कारण तो हसला की डोळ्यांनी आधी हसायचा, ओठ मागून यायचे. नाही म्हणायचं तिनं जवळजवळ ठरवलं होतं, ते एकदम बिनसलं. आजवर तिला पाहायला चार मुलं आली होती. प्रत्येकानं आपला पगार, आपली गाडी, आपला प्लॉट सांगितला होता. आपल्याला काय येत नाही, हे सांगणारा हा पहिलाच.

पाहुणे गेल्यावर गंमत वेगळीच झाली. इश्वरजी ओसरीवर मांडी घालून बसले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "पोरगा पसंत आहे मले. सहा खेपा भात! खानारा मानूस राबनारा राहते. नाहीतर आजकालचे पोट्टे, चिमनीवानी खातात."

डिंपलनं तोंडात पदर कोंबायचं तेवढं बाकी ठेवलं. खरं सांगावं तर बाबा त्याच क्षणी नकार देणार. न सांगावं तर त्या लोकांच्या खोट्यात आपणही सामील. तिनं मधला मार्ग काढला. "शिवरात्रीपर्यंत वेळ द्या मले," ती म्हणाली. "मंग सांगीन." आणि अंगणात त्यानं दिलेला नंबर मात्र त्याच संध्याकाळी फोनमध्ये भरून त्यावर एक मिस्ड कॉलही दिला.

दुसऱ्या दिवशी ती मोहाडीला आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना शिकवत असताना त्याचा मेसेज आला. 'नाही म्हणायला कारण सापडलं का?'

तिनं लिहिलं, 'शोधून राहिली. तुमी आज काय खाल्लं?'

'पेज.'

'अन् काल?'

'पेज. तुमच्या घरी सहा खेपा भात उगाच नाही खाल्ला.'

मग फोन सुरू झाले. संध्याकाळी ती क्लासवरून परतली की अर्धा तास... पुढे तासभर. त्यातूनच तिला एकेक कळत गेलं. निर्मलाबाई मुलाला जिवापाड जपत होत्या. अशक्त आहे म्हणून पलंगावरून उतरू देत नव्हत्या. आजारातून उठलेल्या माणसाला जड नको म्हणून अंडी बंद, मासे बंद, डाळीचं फक्त वरचं पाणी. सकाळी पेज, संध्याकाळी पेज. माऊलीच्या मायेत खोट काढायला जागा नव्हती, पण पोराचे पाय काही भरत नव्हते.

"दवाखान्यानं सुट्टी देताना काय सांगितलं?" डिंपलनं एकदा विचारलं.

"फाईल दिली होती."

"काय लिहिलं तिच्यात?"

"मालूम नाही..."

"म्हंजे?"

"आईनं आल्या दिवशीच लाल कपड्यात बांधून माळ्यावर टाकली. आजाराचा कागद घरात उघडा ठेवला की आजार वापस येते म्हने. कोनी वाचलीच नाही."

डिंपलनं कपाळाला हात लावला. "घनश्यामजी! तुमी बारावी सायन्स आहा!"

"आईसमोर सगळे सायन्सवाले सारखेच."

"आत्ताच्या आत्ता काढा."

"माळ्यावर आहे. शिडी चढता येत नाही."

"मंग आईले काढाले सांगा. मी फोन धरून आहे."

तिनं सतरा मिनिटं फोन धरून ठेवला. पलीकडून निर्मलाबाईंचा आवाज चढला, रडवेला झाला, मग शिडी सरकवल्याचा आवाज आला. घनश्यामनं लाल कपडा सोडला आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. त्यात सगळं होतं. रोज दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, दूध, मासे. रोज चालणं. खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, दिवसातून तीनदा. आणि दर आठवड्याला फिजिओथेरपी. खाली तारीख ऑक्टोबरची होती. तीन महिने तो कागद माळ्यावर निवांत झोपला होता.

शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. "म्हंजे... मी असाच राहनार नाही का?"

त्याला इतके दिवस हेच वाटत होतं, हे तिला तेव्हा कळलं. तिच्या डोळ्यात पाणी आलं. फोनवर दिसत नाही म्हणून तिनं ते पुसलंही नाही.

"उद्या सकाळी पयलं अंडं खाल्लं की मले फोटो पाठवा," ती म्हणाली. "अख्खं. अर्धं चालनार नाही."

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत तो दर मंगळवारी जाऊ लागला, मामांना सोबत घेऊन. तिसऱ्या मंगळवारी डिंपलही तिथे हजर झाली. क्लासला सुट्टी, घरी 'प्रिंटरची शाई आणायची आहे' असं कारण, आणि अंगावर नवा मोरपंखी ड्रेस. शाई आणायला इतकं नटून कोण जातं, असं विमलाबाईंनी विचारलं नाही, एवढे उपकार.

तिला दारात पाहून घनश्यामच्या हातातला रबराचा पट्टा सुटून भिंतीवर आपटला. मारोतराव मामा शहाणे निघाले. "मी चहा पिऊन येतो," म्हणाले आणि तासभर फिरकले नाहीत.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट रत्नमाला मॅडम पन्नाशीच्या, कडक, पण डोळे मिस्कील. त्यांनी डिंपलला बाकावर बसवलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"ते... अजून ठरायचं आहे," डिंपल म्हणाली.

"बरं. मग ठरेपर्यंत एक काम करा. मी घड्याळ लावते, तुम्ही मोजा. तीस सेकंदात खुर्चीवरून किती वेळा उठतात ते. हात छातीशी."

"एक... दोन... तीन..." डिंपल मोजू लागली. तो उठत होता, बसत होता, आणि प्रत्येक वेळी उभा राहिला की थेट तिच्याकडे पाहत होता. पाचव्या वेळी तिचीच मोजणी चुकली.

"पाच झाले की सहा?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हिले बाहेर बसवा," तो धापा टाकत म्हणाला. "ही समोर असली की पाय ऐकत नाहीत."

"पयले पाय ऐकत होते का?" डिंपलनं विचारलं.

मॅडम हसल्या. मग त्यांनी त्याच्या मांडीवर टेप लावून माप घेतलं आणि सांगितलं, ते डिंपलनं नीट लक्षात ठेवलं. एवढा मोठा जंतुसंसर्ग झाला की शरीर वाचण्यासाठी आपलेच स्नायू मोडून वापरतं. थंडीत घरातलं लाकूड संपलं की माणूस दारंखिडक्याही जाळतो, तसं. जीव वाचतो, पण घर उघडं पडतं. "पुन्हा दारं बसतात," मॅडम म्हणाल्या. "पण सुतारकाम सावकाश चालतं. सहा महिने, वर्ष. काहींना थोडी कसर राहते. मी खोटी आशा लावत नाही."

बाहेर आवारातल्या कट्ट्यावर बसून दोघांनी एक प्लेट आलूबोंडा खाल्ला. म्हणजे त्यानं खाल्ला, आणि तिनं त्याचं खाणं पाहिलं.

"थोडी कसर राहते म्हने," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"राहिली तर?"

"तर राहिली." तिनं त्याच्या बोटाला लागलेली चटणी रुमालानं पुसली आणि आपण काय केलं हे लक्षात येऊन रुमाल घाईघाईनं पर्समध्ये टाकला. तिला तो आवडत होता. खूप आवडत होता. आणि शिवरात्र आठ दिवसांवर आली होती.

"बाबाले मी सांगीन," ती म्हणाली. "जरा वेळ पाहून."

"काय सांगशीन?"

"वेळ पाहून सांगीन म्हटलं ना..."

खरी गोष्ट अशी की तिला भीती वाटत होती. बाबांची पूर्ण गावात सहा खेपा भाताची गोष्ट सांगून झाली होती. किराणा दुकानात, गिरणीत, पारावर. त्यांचा जावई म्हणजे जणू गावाचा पहिलवान. खरं कळलं तर ते चिडतील, पण त्याहून जास्त ते दुखावतील, आणि मग या मुलाचं नावही घरात निघणार नाही. रोज ती सांगायला म्हणून ओसरीवर जायची आणि पाणी देऊन परत यायची.

शनिवारी संध्याकाळी घनश्यामचा मेसेज आला. 'उद्या बाबाजी कुठं राहतीन?'

'बांधीत. उन्हाळी धानाची रोवणी आहे. मी बी राहीन. काहून?'

उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या चिखल केलेल्या वाफ्यात, बारा-चौदा बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. डिंपल त्यांच्यात होती, सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत चिखलात. इश्वरजी रोपांच्या पेंढ्या फेकत होते. कोणीतरी म्हणालं, "हा कोन येऊन राहिला गा?" आणि डिंपलनं मान वर केली.

दोन बांधींमधल्या धुऱ्यावरून तो येत होता. एकटा. मामा नाहीत, आई नाही. धुरा ओला आणि अरुंद. तो एक पाऊल टाकायचा, थांबायचा, तोल सांभाळायचा, मग दुसरं. डिंपलच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"अरे, जावईबापू!" इश्वरजी ओरडले. "या, या! बाया, पाहा वो, हाच तो सहा खेपा भातवाला!"

बाया हसल्या. घनश्याम त्यांच्यासमोर येऊन थांबला. "राम राम जी. तुमाले एक गोष्ट सांगाले आलो. त्या दिवशी मी भात भुकेनं नाही खाल्ला. मले उठता येत नव्हतं, म्हनून खाल्ला."

आणि त्यानं सगळं सांगितलं. गवत, ताप, नागपूर, मशीन, मांड्या. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाला, "मामाजीनं अन् आईनं लपवलं. मी बी गप्प राहिलो, म्हंजे मी बी लपवलं. माफी मांगाले आलो."

हसणं थांबलं होतं. इश्वरजींचा चेहरा लाल झाला. "मामा तर म्हने, पोरगा बैलासारखा आहे!" त्यांनी समोरच्या चिखलाकडे बोट केलं. "उतर. उतर या बांधीत. चार ओळी रोवून दाखव, मंग पाहू तू किती बरा झाला."

चिखल पोटऱ्याभर होता. तो उतरला असता तर पडलाच असता. न उतरला तर बाबा...

"नाही उतरत जी," घनश्याम म्हणाला.

"काहून?"

"उतरलो तर निघता नाही येनार. तुमच्या चार बायाइले काम सोडून मले उपसून काढा लागंल." कोणीतरी फिसकन हसलं. तो हसला नाही. "पुढच्या उन्हाळी रोवनीले बलावा. तेव्हा उतरीन. तेव्हा बी नाही जमलं, तर तेव्हा बी हेच सांगीन. आता खोटं नाही करत."

इश्वरजींची नजर डिंपलवर गेली. तिचा चेहरा त्यांनी चोवीस वर्षं वाचला होता. "तुले मालूम होतं?"

"पयल्या दिवशीपासून, बाबा."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं!"

"म्हनूनच नाही सांगितलं." "चूक झाली माझी. रोज सांगाले येत होती अन् पानी देऊन जात होती."

इश्वरजी धुऱ्यावर मटकन बसले. हातातली पेंढी त्यांनी मांडीवर ठेवली. आपली पोरगी आपल्याला घाबरली, हे त्यांना त्या मामाच्या थापेपेक्षा जास्त लागलं असावं. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "सहा खेपा..." ते पुटपुटले. "अन् मी गावभर सांगत फिरलो! गिरनीवाल्याले दोनदा सांगितलं!"

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. इश्वरजीही हसले, डोळे पुसत. पण हसून झाल्यावर ते गंभीर झाले. "पोरी, आयुष्याचा प्रश्न आहे. उद्या पाय नाही सुधरले तर?"

डिंपल चिखलातून एकेक पाय उपसत धुऱ्याजवळ आली. साऱ्या बाया ऐकत होत्या, आणि त्यातली एकही गोष्ट पोटात ठेवणारी नव्हती. तिला ते पक्कं माहीत होतं.

"बाबा, मले हेच पाहिजेत," ती म्हणाली. "बरे झाले तरी अन् नाही झाले तरी."

"मंग मले कायले विचारून राहिली?"

"तुमी हो म्हटलं तर जास्त बरं वाटंल."

इश्वरजींनी पोरीकडे पाहिलं, मग त्या उंच, धुऱ्यावर पाय रोवून उभ्या असलेल्या पोराकडे. "मारोतरावले सांग," ते त्याला म्हणाले, "पुढची बोलनी करताना ते मधात नको. तू अन् तुझी आई, दोघंच या." मग डिंपलला, जरा रागातच, "बसचा टाइम झाला त्याचा. पोहोचवून दे. धुरा ओला आहे."

लग्न न झालेल्या पोरीला भर गावातून एका परक्या मुलाला स्टँडवर पोहोचवायला पाठवणं, म्हणजे काय ते आंधळगावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

गावातून जाताना दोघं हातभर अंतर ठेवून चालले. डिंपलचे पाय अजून चिखलानं माखलेले, केसात कुठेतरी धानाचं रोप अडकलेलं. त्यानं ते पाहिलं, पण काढायचा धीर झाला नाही.

"एकटे कसे आले? गाडीत कसे चढले?" तिनं विचारलं.

"दोन्ही गाड्याइत कंडक्टरनं हात धरून ओढलं. एकानं तर विचारलं, दारू पिऊन आहेस का म्हनून."

"अन् पडले असते तर?"

"तर तुझ्या बाबाले पडल्याचं बी सांगितलं असतं."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तो गडबडला. तेवढ्यात वळणावरून भंडाऱ्याची लाल गाडी आली.

गाडीची पहिली पायरी चांगली गुडघ्याच्या वर होती. डिंपलचा हात आपोआप पुढे झाला.

"नको लावू," तो म्हणाला. "एकदा पाहू दे."

तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. आयुष्यात तिला इतकं कठीण काही वाटलं नव्हतं. त्यानं दांडी धरली, पाय टेकवला, जोर लावला... आणि अर्ध्यातून खाली आला. खिडक्यांतून डोकी बाहेर निघाली. "काय झालं गा, चढा ना!" कोणीतरी ओरडलं. घनश्यामनं त्या डोक्यांकडे पाहिलं नाही. श्वास घेतला, पुन्हा पाय टेकवला, मांडी थरथर कापली, आणि यावेळी तो वर गेला.

वर जाऊन तो आत शिरला नाही. दारातच वळला. धाप लागली होती, कपाळावर घाम होता आणि डोळे हसायला लागले होते.

"डिंपल!"

"काय?"

"मले तू लय आवडते!"

खिडक्यांतली सगळी डोकी दाराकडे वळली. डिंपलचे कान तापले. "हळू बोला ना... सगळे ऐकून राहिले!"

"ऐकू दे. आता काही लपवायचं नाही राहिलं."

कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरून ठेवली होती. "मॅडम," तो म्हणाला, "तुमचं बी काय असंल ते सांगून टाका. गाडीले लेट होऊन राहिलं."

डिंपलनं चिखलाचे हात पाठीमागून काढले, स्टँडवरच्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"मले बी!"

कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली आणि गाडी निघाली.